राजीनामा दिला, हक्क नाही सोडला

परवा चहाच्या टपरीवर एक ओळखीचा भेटला. सहा वर्षं नोकरी केली, रीतसर राजीनामा दिला. चार महिने झाले, शेवटचा पगारही हातात नाही. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "साहेब बाहेर आहेत, हिशोब बघू."

का हो, नोटिशीचे दोन दिवस कमी भरले की पैसे कापायला मात्र हिशोब लगेच सापडतो?

मित्रहो, 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनाम्यानंतर राहिलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचा. सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, तीही 30 दिवसांत. उशीर केला तर व्याजासकट. हिशोब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वेतन 13,000 आणि सेवा सहा वर्षं, म्हणजे 45,000 रुपये. आम्हा पत्रकारांना तर तीनच वर्षं पुरतात. तरी जगाच्या अन्यायाच्या बातम्या छापणारे आम्ही स्वतःच्या थकबाकीवर गप्प!

मालकाची सगळी भिस्त आपल्या भिडेवर असते. गाव लहान, उद्या तोंड दाखवायचंय, म्हणून आपण नुसते फोन करत बसतो. फोनची पोच मिळत नाही. रक्कम आणि तारखा लिहून अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. तरीही हलले नाहीत तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार करा.

उसने मागत नाही आपण. घामाचे आहेत.