तिबिलिसी की नागपूर?

मामाचा फोन एरवी दोन मिनिटांत संपतो. पाऊस किती, धान कसं, तुझी तब्येत बरी ना, ठेवतो. या वेळी पंधरा मिनिटं झाली तरी ठेवेना. शेवटी म्हणाला, "पोळ्याले ये. बारकीचं ठरवाचं हाय. तू पेपरमधली हाईस, तुले समजते."

पेपरमधली आहे म्हणजे हिला सगळं समजतं, हा आमच्या खानदानातला जुना गैरसमज. माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. मला स्वतःचा ब्लड रिपोर्ट गुगलशिवाय कळत नाही. पण मामाने बोलावलं म्हणजे जायचं. दोन दिवस रजा टाकली... म्हणजे फ्रीलान्सर जशी टाकते तशी, लॅपटॉप सोबत घेऊन... आणि पुण्याहून निघाले.

मामाचं गाव पोंभुर्णा. चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. धानाची शेती आणि आजूबाजूला जंगल. पुण्यात हे नाव सांगितलं की लोक दोनदा विचारतात आणि मग विचारतात, "म्हणजे ताडोबाच्या साइडला?" हो, त्याच साइडला. फरक इतकाच की आमच्याकडे वाघ बघायला जिप्सी बुक करावी लागत नाही.

बारकी म्हणजे माझी मामेबहीण. घरातली सगळ्यात धाकटी, म्हणून बारकी. वय १८, नीट दिलेली. मार्क वाईट नव्हते, पण सरकारी एमबीबीएसची लिस्ट थोडक्यात हुकली. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गडचिरोलीला २०२४ मध्ये सुरू झालं. दोन्ही घराजवळ, दोन्हीकडे नाव नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल सजून तोरणाखाली उभे होते, झडत्या रंगात आल्या होत्या आणि मामा मात्र ओसरीवर दोन कागद घेऊन बसला होता. पहिला कागद शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, नागपूरचा. बीएएमएस. दुसरा कागद चकचकीत, चार रंगांत छापलेला. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीमधल्या एका युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर. तिथल्या कोर्सला सगळे एमबीबीएसच म्हणतात. नागपूरच्या एजंटने सगळं समजावून सांगितलं होतं. फी, होस्टेल, व्हिसा, इंडियन मेस. एकूण ३५ लाख.

"अन् हे कुठून आणणार?" मी विचारलं.

मामाने हनुवटीनेच दाखवलं. रस्त्याला लागून असलेलं शेत. आजोबांनी घेतलेलं.

"जमीन गेली त जाऊ दे," मामा म्हणाला, "पोरगी खरी डाक्टर होईन."

या 'खरी'त सगळा लोच्या आहे, दोस्तांनो.

आता मी कबूल करते. पुण्याहून निघताना माझं मत ठरलेलं होतं. तिबिलिसी! फॉरेन, स्टेथोस्कोप, बर्फातले फोटो आणि एमबीबीएस ही चार अक्षरं. बीएएमएस म्हणजे आपल्या डोक्यात कायम 'तिकडे नाही मिळालं म्हणून इकडे'. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची चुलतबहीण न्यू जर्सीत आहे. तिच्यासमोरही असेच दोन कागद होते. एकात एमडी, दुसऱ्यात डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. घरचे म्हणाले, हाडं मोडणारी डिग्री कशाला घेतेस? तिने डीओ घेतलं आणि आज ती एमडीवाल्यांच्याच वॉर्डात रेसिडेन्सी करतेय. मला वाटलं, बघा, नावात काय आहे!

मग ट्रेनमध्ये जरा वाचलं आणि माझाच फुगा फुटला. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल नावाच्या छोट्या गावात अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने काढलं. ॲलोपॅथीवाल्यांनी कित्येक वर्षं त्यांना आत घेतलं नाही. पण हळूहळू अभ्यासक्रम जवळ आले आणि २०२० पासून दोघांची रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आहे. डीओ आणि एमडी, दोघांनाही औषधं, ऑपरेशन, सगळ्याचं पूर्ण लायसन्स. तिथला फरक आता बराचसा पाटीवरचा आहे.

आपल्याकडे तसं नाही. एमबीबीएस आणि बीएएमएस दोन्ही साडेपाच वर्षांचे, इंटर्नशिप धरून. दोन्हीला नीट लागते, दोन्हीत डिसेक्शन असतं. पण काउन्सिल वेगळी, रजिस्टर वेगळं आणि मुख्य म्हणजे शास्त्रच वेगळं.

मामाचा प्रश्न मात्र एकच होता. "बीएएमएसवाल्याले इंगरेजी गोळ्या लिहिता येते ना? आपल्या इकडं त सारेच लिहिते."

प्रश्न साधा, उत्तर वाकडं. महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये आदेश काढून आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा अधिकार त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. म्हणजे इथे चालतं ते दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९६ मध्ये, मुंबईच्या एका केसमध्ये कोर्टाने एका होमिओपॅथला जबाबदार धरलं होतं. त्याने ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला. कोर्टाचं म्हणणं, जे शास्त्र शिकला नाहीस ते वापरलंस, हाच निष्काळजीपणा. आणि २०२३ मध्ये गुजरातच्या सरकारी डॉक्टरांच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, आयुर्वेदाचे डॉक्टर महत्त्वाचे आहेतच, पण इमर्जन्सी आणि अवघड ऑपरेशनचं काम एमबीबीएसवाले करतात तसं ते करत नाहीत, म्हणून पगार सारखा मागता येणार नाही.

मामाने हे सगळं ऐकून घेतलं आणि चकचकीत कागद आणखी पुढे सरकवला. "मंग हेच बरं ना?"

मी एजंटच्या कागदाची मागची बाजू बघितली. तिथे काहीच छापलेलं नव्हतं. ती बाजू मी सांगितली. परदेशात शिकून आलेल्यांसाठी २०२१ पासूनचे नियम कडक आहेत. एकाच देशात किमान ५४ महिन्यांचा कोर्स, तोही इंग्रजीतून. शिवाय तिथे १२ महिन्यांची इंटर्नशिप. इथे परत आल्यावर स्क्रीनिंग परीक्षा आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. जून २०२४ च्या स्क्रीनिंग परीक्षेत साधारण पाचातला एक पास झाला. राहिलेले चार पुढच्या परीक्षेची वाट बघत बसतात, एमबीबीएसवाले म्हणून मिरवता येत नाही आणि बीएएमएसही नाही. क्लास इंग्रजीत असला तरी वॉर्डातला पेशंट बोलणार जॉर्जियन. पोट कुठे दुखतंय हे ज्या भाषेत कळत नाही, त्या भाषेत तपासायला कसं शिकायचं? आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून अर्धवट शिक्षण सोडून हजारो मुलं परत आली, ते तर आपण टीव्हीवर बघितलंच.

नागपूरचं गणित सोपं होतं. आम्ही ओबीसीत. २०२४ पासून राज्यात वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींची कॅप राऊंडमधून मिळालेल्या सीटची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. (मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, तेव्हा एजंटने तसं सांगितलं तर हसून फोन ठेवा.) उरतो होस्टेल-मेसचा खर्च.

ओसरीवर सगळे गप्प. मामी आतून चहा घेऊन आली आणि मला एकदम ती रात्र आठवली.

बारकी अकरावीत असतानाची गोष्ट. रोवणीचे दिवस, मामी दमून जमिनीवरच झोपलेली. मध्यरात्री पोट दुखतं म्हणून उठली. जखम दिसेना. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. मण्यार. शेजारचे म्हणाले मांत्रिकाकडे चला. बारकीने कोणाचं न ऐकता १०८ फिरवला. गाडीतून एक तरुण डॉक्टर ताई उतरल्या. चंद्रपूरला पोचेपर्यंत मामीचा श्वास त्यांनी ॲम्बू बॅग दाबून दाबून चालू ठेवला. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी अँटीव्हेनम सुरू केलं, व्हेंटिलेटर लावला. पाचव्या दिवशी मामीने चहा मागितला.

गाडीतल्या ताई बीएएमएस. महाराष्ट्रात १०८ वर असे डॉक्टर खूप आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली गट ब ची पदं, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, दुर्गम भागातली फिरती पथकं, या सगळ्यांत बीएएमएस झालेली मुलं-मुली आहेत. आपण शहरात 'खरे डॉक्टर कोण' यावर वाद घालतो, तेव्हा रात्री दोन वाजता या भागात गाडीतून उतरणारं माणूस बहुतेक हेच असतं.

बारकीकडे त्या ताईंचा नंबर होता. तिने स्पीकरवर लावला. मला वाटलं, त्या म्हणतील ये बिनधास्त. तसं काही झालं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "त्या रात्री मी जे केलं, त्यातलं निम्मं मला कॉलेजने नाही, नोकरीने शिकवलं. कॉलेजात मी अष्टांगहृदय शिकले, द्रव्यगुण शिकले. ट्यूब टाकणं, श्वास थांबलेला पेशंट, हे मी नंतर सीनियरच्या मागे लागून शिकले. हे माहीत असूनही यायचं तर ये. एमबीबीएसची झेरॉक्स पाहिजे म्हणून येऊ नकोस. पहिल्याच वर्षी संस्कृत बघून रडशील."

गडचिरोली आमच्या शेजारचा जिल्हा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. त्यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बायकांकडे कुठलीच डिग्री नव्हती. पण जे काम करायचं, नेमकं त्याचंच ट्रेनिंग होतं आणि मागे डॉक्टर उभे होते. फोनवरच्या ताई वेगळ्या शब्दांत हेच सांगत होत्या. कागदावर काय छापलंय ते नंतर बघ. पेशंटसमोर तू काय करणार आहेस आणि ते तुला कोण शिकवणार आहे, ते आधी बघ.

मी मामाकडे वळून अजून एक फंडा झाडणार होते. पण बारकीच बोलली.

"ताई, एक सांगू का? शेत इकून झालेला डाक्टर गावात नाई येत. त्याले पैसे वसूल करा लागते."

मी गप्प झाले. कारण हे मला माहीत होतं. फक्त डॉक्टरांच्या बाबतीत नाही.

मास कॉमसाठी मी पुण्यातल्या एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये गेले ती लोन काढून. रिपोर्टर व्हायचं होतं. गावाकडचं, जंगलातलं लिहायचं होतं. पास झाले आणि पहिल्याच महिन्यात हप्त्याचा एसएमएस आला. रिपोर्टिंगच्या नोकरीत हप्ता निघत नव्हता, म्हणून फ्लॅटच्या जाहिरातींसारखे दिसणारे लेख लिहायला लागले. पाच वर्षं. लोन फिटलं तेव्हा मी २७ ची होते आणि पोंभुर्ण्यावर तोवर एक ओळ लिहिली नव्हती. मला कोणी अडवलं नव्हतं. हप्ता तेवढा दर महिन्याच्या पाच तारखेला यायचा.

आपण ऑफर लेटर बघतो तेव्हा ब्रँड बघतो. कॉलेजचा, कंपनीचा, देशाचा. ती ऑफर घेतल्यावर पुढची दहा वर्षं आपल्याला कुठे बसावं लागेल, हे कोणी छापत नाही. ३५ लाखांची बारकी पोंभुर्ण्यात बसली असती का? पन्नास रुपये फी घेऊन? मामाने कितीही सांगितलं तरी नाही.

मग काय, बीएएमएस ग्रेट आणि फॉरेनचं एमबीबीएस बोगस? अजिबात नाही. ज्याच्या घरी पैसा आहे, जो झपाटल्यासारखा अभ्यास करून स्क्रीनिंग काढेल, त्याने जरूर जावं. ज्याला सर्जनच व्हायचंय, व्हेंटिलेटरच हाताळायचाय, त्याने एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा नीट द्यावी, पण आयुर्वेदाला मागचा दरवाजा समजू नये. आणि ज्याला चरक-सुश्रुत मनापासून वाचायचेत, त्याला 'दुसरा नंबर' म्हणून हिणवायचा आपल्याला काय हक्क?

बारकीला त्या रात्री मी शेवटचं विचारलं, "तुला नक्की काय आवडतं?" तिने विचार केला. म्हणाली, आजी हिरडा-बेहडा कुटायची, कुड्याची साल आणायची, त्यातलं खरं काय अन् खोटं काय, हे तिला कधीपासून बघायचंय. आणि दुसरं, गाडीतल्या ताईंसारखं उतरायचंय. "पन त्याच्यासाठी जे कॉलेजात नाई शिकवत, थे मी वेगरं शिकीन. अन् जे मले येत नाई, थे मी करनार नाई. चंद्रपूरले पाठवीन."

माझ्या मते यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरला लागू आहे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. मामाने चकचकीत कागद घडी घालून कपाटात ठेवला. फेकला नाही. शेताकडे चक्कर मारून आला आणि मला म्हणाला, "धान मस्त हाय औंदा." विषय संपला.

परवा नागपूरहून बारकीचा व्हॉइस मेसेज आला. मागे होस्टेलचा गलका. "ताई, संस्कृत भारीच कठीन हाय. पन रडली नाई."

मग दोन सेकंदं थांबून, "एकच दिवस रडली."