कापला, पण भरला का?

जळकोटला हायवेच्या कडेला चहा पिताना एक सद्गृहस्थ तरुण नोकरदारांना नेहमी सांगतात : पगारातून कर कापला की आपलं काम संपलं. फॉर्म 16 म्हणजे रद्दी, 26एएस बघणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि आता बारा लाखांपर्यंत करच नाही, मग हिशेब कसला? ही शिकवण पोरांच्या खिशाला चाट लावणारी आहे, म्हणून हा लेख.

बारा लाखांचं आधी उरकतो. ती सवलत 2025-26 पासूनची, नव्या करपद्धतीतली. बँकेनं ठेवीच्या व्याजावर कापलेला टीडीएस परत हवा असेल, तर रिटर्न भरावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. कर कापणं वेगळं, तो सरकारात भरणं वेगळं आणि आपल्या पॅनवर चढवणं आणखी वेगळं. खाजगी मालकानं कापलेली रक्कम सहसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायची असते. तिमाही विवरण दिलं की ती 26एएसमध्ये दिसते. मधली एक कडी निसटली की भुर्दंड कुणाला? माझ्याच बाबतीत हे घडलं. बाराही पगारपत्रकांवर कपात होती आणि 26एएसमध्ये शेवटची तिमाही कोरी. कार्यालयातले लिपिक ‘होईल, होईल’ म्हणत राहिले. मग नोटीस आली, कापलेलाच कर पुन्हा भरा म्हणून. रात्री पत्र्याच्या पेटीतून पगारपत्रकं काढून आकडे जुळवत बसलो, तेव्हा सापडलं : विवरणात माझ्या पॅनचं एकच अक्षर चुकलं होतं. दुरुस्तीचं विवरण कार्यालयानंच द्यायचं असतं, आपल्याला ते देता येत नाही. 1961च्या कायद्याचं कलम 205 सांगतं, की पगारातून कापलेला कर नोकरदाराकडून पुन्हा मागता येत नाही. पण कापला होता हे मी दाखवणार कशानं? हे गृहस्थ ज्याला रद्दी म्हणतात, त्याच कागदानं मला वाचवलं.

व्यवसाय करावरूनही आमचं जुनं भांडण आहे. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 जातात. ‘कशाला, ते विचारू नये’ हे त्यांचं मत. का विचारू नये? 1975चा तो कायदा रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आमच्या भागात घरोघरी होती. त्यांना रोजगार हमी म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

‘सेसचा पैसा कुठं जातो देव जाणे’ हेही त्यांचंच. देवाला कशाला मधे आणता? 2018च्या अर्थसंकल्पानं शिक्षणाचा 3 टक्के उपकर काढून 4 टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर आणला. तो उत्पन्नावर नसतो, कराच्या रकमेवर असतो : 50,000 करावर 2,000. राज्यघटनेच्या कलम 270 प्रमाणे उपकर राज्यांना वाटला जात नाही. आरोग्याच्या हिश्शासाठी मार्च 2021मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधीला मंजुरी मिळाली. पेशंट घेऊन सोलापूर गाठावं लागतं तेव्हा या निधीचा हिशेब खासदारांना विचारता येतो, पण आपण किती भरले ते आधी माहीत हवं.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येकानं पगारपत्रकं जपावीत आणि दर तिमाहीला 26एएसशी ताळा घालावा. 15 जूनपर्यंत फॉर्म 16 हाती येतो. पोरांनो, त्या आठवड्यात कागद घेऊन माझ्याकडे या, ओसरीवर बसून एकेक ओळ लावू.