हुकमाचे ताबेदार

“आम्ही काय, हुकमाचे ताबेदार!” हे वाक्य आमच्या मध्यमवर्गाचा कुलमंत्र होऊन बसले आहे. साहेबाने सांगितले म्हणून खोटे बिल मंजूर केले, मागील तारीख घालून कागद केला, नसलेला माल गोदामात दाखविला. पण त्यातला छदामही घरी आणला नाही, तेव्हा आमचे हात स्वच्छ! हा युक्तिवाद जितका सोयीचा, तितकाच खोटा आहे.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम-कंपनीचे हजारो कोटींचे कर्ज लपविण्याकरिता एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा प्रथम मिळाली. जन्माची पुंजी तेथे ठेवणाऱ्या वृद्धास, खोटी नोंद करणाऱ्याने स्वतः काही खाल्ले की नाही, याने काय फरक पडतो?

कायद्यासही ही सबब मान्य नाही. खोटे हिशेब लिहिण्याच्या कलमात मालकाचे नव्हे, तर कारकून, अधिकारी आणि नोकर यांचेच नाव आहे. फसविण्याच्या हेतूने हे कृत्य केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेतील ही तरतूद भारतीय न्याय संहितेने, १ जुलै २०२४ पासून, कायम ठेवली आहे. धाकाची सबब कायदा ऐकतो, पण तो धाक तत्काळ मृत्यूचा असला पाहिजे. बढती हुकण्याचा नव्हे.

यावर कोणी सत्येंद्र दुबे यांचे नाव घेईल. महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयास कळविला. नाव गुप्त ठेवण्याची विनंती असूनही पत्र कचेऱ्यांतून फिरले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. तो लुटीसाठी झाला असे न्यायालयाने मानले. तरी पत्र फिरविणाऱ्यांचा दोष त्याने धुऊन निघत नाही. अशांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ साली कायदा संमत केला, पण तो अमलात आणण्यास सरकारला वर्षानुवर्षे सवड झाली नाही. भय खरे आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु हुतात्मा होणे आणि खोटी सही करणे यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे. तोंडी हुकूम लेखी मागावा, फाइलीवर आपला प्रतिकूल शेरा तारखेसह लिहावा, सही नाकारावी. हुकूम तोंडी असतो, तो देणाऱ्यालाही कागदाचे भय असते म्हणूनच!

आणि खरा दबाव एकट्या साहेबाचा असतो काय? सही नाकारणाऱ्यास “व्यवहारशून्य” म्हणणारा सासरा, शेजाऱ्याच्या नव्या मोटारीचे दाखले देणारे घर, हे त्या साहेबाचे बिनपगारी हस्तकच होत. मुलांना “खोटे बोलू नये” असे शिकविणाऱ्या घराने, बाप खरे बोलून नोकरी गमावून आला, तर त्याला ताट वाढावे. टोमणे वाढू नयेत. एवढे ज्या घरास साधत नाही, त्याने देशातील भ्रष्टाचारावर जेवताना चर्चा करू नये.