शाकारणी आणि शिडाची नौका

पिरंगुटास पावसाळा तोंडावर आला कीं आमच्या घरांत एकच वाद उठतो : कौलें यंदाच शाकारावीं, कीं पुढील सालीं? मजुरीचा आंकडा ऐकून परवां चिरंजीव म्हणाले, "नाना, गळत नाहीं तोंवर खर्च कशास?"

मीं त्यांस 'तारिणी'ची हकीकत सांगितली. गोव्यांत बांधलेली नौदलाची ही शिडाची नौका १० सप्टेंबर २०१७ रोजीं सहा स्त्री-अधिकाऱ्यांस घेऊन निघाली, ती पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजीं परतली. वाटेंतील बंदरें केवळ विसाव्यासाठीं नव्हतीं; डागडुजीही तेथेंच व्हावयाची. इतकें करूनही परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला व मॉरिशसला थांबावें लागलें.

नौका धक्क्याशीं बांधून ठेविली, तरी खारें पाणी व ऊन तिला सोडीत नाहींत. तळाचें शेवाळ व शिंपले खरवडणें, रंग देणें, शिडें शिवणें, दोर बदलणें हें चालूच. नौका उभी असली, तरी तिचा खर्च चालत असतो.

घराचेंही तसेंच. एके सालीं मींच शाकारणी टाळिली आणि वडिलांच्या हातची पोथी त्या पावसांत भिजून गेली. तें नुकसान कोणत्या वहींत मांडावें?

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. मात्र सायंकाळीं शाकारणाऱ्यास बोलावणें गेलें.