मॉरिशसच्या आधी कोर्लई

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं आमच्या घरात घाटतं आहे. निळा समुद्र, गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी, आणि घरी क्रिओल बोलणारी तिथली मराठी मंडळी... मुलांनी सगळी माहिती जमवली. ‘‘बाबा, क्रिओल म्हणजे काय हो?’’ धाकटीनं विचारलं आणि मी चपापलोच.

रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडला जाताना कोर्लईला आम्ही कितीदा तरी थांबलो. किल्ला पाहिला, मासळी घेतली, निघालो. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती कुटुंबं घरात क्रिओल बोलतात, हे कधी विचारलंच नाही! शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठी. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. १७४० साली चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले. बोली मात्र राहिली. आज ती बोलणारे जेमतेम हजारभर. शाळा मराठी, पोटापाण्यासाठी मुंबई. मग घरात तरी ती किती दिवस टिकणार?

मॉरिशसचा बेत मोडलेला नाही. पण येत्या रविवारी आधी कोर्लई. मुलांना एकच ताकीद दिली आहे : कुणालाही ‘जरा बोलून दाखवा ना’ म्हणायचं नाही.