गहाणखत कोणाच्या नावाने करावे?

ऊस-कांद्याचे चार पैसे हाती आले की गावातलाच कोणीतरी दाराशी येतो. "जमीन गहाण लिहून देतो, पण एवढी नड भागवा," म्हणतो. तिघे भाऊ आपापली रक्कम गोळा करतात आणि थोरल्याचा मान म्हणून गहाणखत त्याच्या एकट्याच्या नावाने होते. घोटाळा इथेच सुरू होतो.

उद्या थोरल्याचे काही बरेवाईट झाले, तर वारस म्हणून त्याची बायकामुले पुढे येतात. आपलेही पैसे त्यात होते, हे धाकट्यांना कोर्टात शाबीत करावे लागते. पैसे अडकतात आणि वहिनीशी वैर येते ते वेगळेच. म्हणून रक्कम देण्याआधीच नाव ठरवा.

पैसे एकट्याचे असतील तर कागद एकट्याच्या नावाने करावा. तिघांचे असतील तर तिघांची नावे घाला आणि कोणाची किती रक्कम तेही लिहा. परतफेडीच्या पावतीवर तिघांच्या सह्या घ्या. एखादा वारला तर त्याच्या जागी त्याचे वारस येतात.

पैसे एकत्र कुटुंबाचे असतील तर कर्त्याने 'कुटुंबातर्फे' असे स्पष्ट लिहून सही करावी. मात्र २००५ सालच्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे ध्यानात ठेवा.

भागीदारी करणार असाल तर ती आधी नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, नोंद नसलेल्या भागीदारीला कर्जदारावर वसुलीचा दावा लावता येत नाही.

नाव कोणाचेही असो, जमिनीचे गहाणखत दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि सातबाऱ्यावर इतर अधिकारांत नोंद करून घ्या. नुसत्या स्टँपपेपरवर विसंबू नका.

आणखी एक. नडीला एखाद्या वेळी पैसे देणे निराळे. व्याजाने पैसे देण्याचा धंदाच करायचा, तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. तो ज्याच्या नावाने, धंदाही त्याच्याच नावाने व्हायला हवा. परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे.

"घरातल्या घरात लिहिणं कशाला?" असे म्हणून टाळू नका. आज दोन ओळी लिहिल्यात, तर उद्या भाऊ भाऊ एका पंगतीला बसतील.