आमच्या गोष्टीतली कुणबीण कुठे गेली?

मराठी मुलाला 'गुलाम' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो पत्त्यांच्या डावात. राजा, राणी आणि त्यांच्या खालचा गुलाम. 'गुलामचोर' खेळताना शेवटी ज्याच्या हातात गुलाम उरला तो हरला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुढे हाच शब्द इतिहासाच्या पुस्तकात आणि ऐतिहासिक गोष्टींत येतो, तेव्हा गुलामगिरी म्हणजे परक्यांचे राज्य आणि स्वातंत्र्य म्हणजे आपले राज्य, असे त्याच्या मनात पक्के बसते. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. परंतु गुलामगिरीचा मूळचा, रोकडा अर्थ म्हणजे पैसे मोजून माणूस विकत घेणे. तो अर्थ आमच्या बालवाङ्‌मयातून जवळजवळ गळूनच गेला आहे. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांची कहाणी वाचताना आमची मुले हळहळतात आणि 'बरे झाले, आपल्याकडे असले काही नव्हते' असे म्हणून पुस्तक मिटतात.

आपल्याकडे ते होते. पेशवाईच्या कागदपत्रांत पानोपानी 'कुणबिणी' आणि 'बटकी' भेटतात. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली दासी. दुष्काळात आईबापांनीच विकलेल्या मुली, लढाईच्या धामधुमीत धरून आणलेल्या बायका, व्यापाऱ्यांनी परमुलखातून आणून विकलेल्या पोरी, आणि बदकर्माच्या आरोपावरून सरकारने शिक्षा म्हणून दासी केलेल्या स्त्रिया, अशा नाना वाटांनी त्या आलेल्या असत. त्यांच्या विक्रीवर सरकार जकात घेई. सरदारांच्या वाड्यात, पागेत, कोठारात, कारखान्यात आणि किल्ल्यांवर त्या राबत. दळण, कांडण, शेण, पाणी ही त्यांची कामे, आणि मोबदल्यात पोटाला धान्य व अंगाला लुगडे. घेताना जातीची चौकशी होई, कारण कोणाच्या हातचे पाणी चालेल आणि कोणाच्या हातचे नाही हे आधी ठरवायचे असे. त्यांची मुले धन्याचीच मालमत्ता. म्हातारपणी किंवा धर्मकृत्य म्हणून एखादीला मोकळीक मिळे, कधी तिच्या बदली दुसरी कुणबीण दिल्यावर मिळे. म्हणजे एकीची सुटका व्हायची तर दुसरीने बांधून घ्यायचे!

ही माणसे आम्ही विसरलो, पण भाषा विसरली नाही. 'कायदा सत्तेची बटीक झाला' असे वर्तमानपत्रांचे अग्रलेखक आजही सहज लिहून जातात. बटीक कोण होती, हे तो अग्रलेख वाचणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना माहीत असेल?

मी पवन मावळातली. तुंग आणि तिकोना पाहतच लहानाची मोठी झाले. किल्ल्यांच्या गोष्टींवर आमचा पिंड पोसला आहे. तळेगावला राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' लिहून आमच्या मुलखाला मराठी साहित्यात कायमचे घर बांधून दिले. ती काही खास मुलांसाठी लिहिलेली पुस्तके नव्हेत, तरी शाळेच्या वयात आम्ही ती वाचली. त्या पुस्तकांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती पडणाऱ्या, एकाच साच्यातून निघालेल्या ऐतिहासिक गोष्टींविषयी. अमावस्येची रात्र, कड्याला लावलेला दोर, बारा-तेरा वर्षांचा धाडसी मावळा पोर, झोपलेला पहारेकरी आणि पहाटे फडकणारा भगवा. संपली गोष्ट. निशाण चढल्यानंतर गडावर दुसरा दिवसही उजाडतो, चारशे माणसांना भाकरी लागते, हे त्या लेखकांच्या गावीही नसते.

माझ्या धाकट्या भावाच्या मात्र ते लक्षात आले. तो पाचवीत आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही मळवली स्टेशनवर उतरून, भाजे गावावरून लोहगडाला गेलो होतो. 'लक्ष्मी कोठी' म्हणतात त्या खडकातल्या खोल्या पाहताना त्याने विचारले, "ताई, एवढं धान्य इथं ठेवायचे, तर ते दळायचं कोण?" मी म्हटले, "बायका." "कुणाच्या बायका? मावळ्यांच्या?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याच्या वयाचे एकही पुस्तक माझ्याजवळ नव्हते. मग मीच त्याला कुणबिणींची हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या पळून का नाही गेल्या? दरवाजा तर तिथंच आहे."

वाचकहो, या एका प्रश्नात अख्खी कादंबरी आहे! गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून, नागमोडी पायऱ्या उतरून पोरगी सुटली तरी जायचे कोठे? पळालेल्या कुणबिणीचा शोध घेऊन तिला परत धन्याच्या स्वाधीन केले जाई. आणि जिला सहाव्या वर्षी विकले तिला स्वतःच्या गावाचे नाव तरी आठवत असेल का? तिच्या मनातली स्वातंत्र्याची ओढ ही 'स्वराज्य' या मोठ्या शब्दाची ओढ नसणार. विंचूकाट्याच्या टोकावर उभे राहून खालच्या खोऱ्यातल्या चुलींचा धूर पाहायचा, आणि यांतला एखादा आपल्या घरचा असेल का, असा विचार करायचा, एवढीच ती ओढ. पण ती मुलांना कळेल. स्वातंत्र्यावरच्या भाषणापेक्षा लवकर कळेल.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की मुलांचे मन कोवळे असते, त्यांना असले सांगू नये. पण आमच्या गोष्टींत मुंडकी उडतात, रक्ताचे पाट वाहतात, गनिमाची आतडी बाहेर येतात. ते सारे कोवळ्या मनाला चालते आणि जात्यावर बसलेली मुलगी तेवढी चालत नाही, हा न्याय मला समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यामुळे आपल्या इतिहासाला कमीपणा येईल, असे अनेकांना मनापासून वाटते. त्यांना मी १६७७ सालची आठवण देईन. कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराची जी सनद दिली तिच्यात माणसांच्या खरेदी-विक्रीला साफ मनाई केली. पूर्वीच्या राजवटीत डचांना जी मोकळीक होती ती आपल्या अमलात मिळणार नाही, असे त्यांना स्पष्ट बजावले. तो काळ असा की, युरोपातली बडी बडी राष्ट्रे आफ्रिकेतली माणसे जहाजात कोंबून नेत होती. एवढी अभिमानाची गोष्ट, आणि मुलांच्या किती शिवचरित्रांत ती सापडते? ती सांगायची तर माणसे विकली जात होती हे आधी सांगावे लागते, आणि मग पुढच्या शतकात पेशव्यांच्या राज्यात बाजार चालू कसा राहिला, हेही सांगावे लागते. नेमके तेच नको असते. झाकायचे ते झाकताना मिरवायचे तेही झाकले गेले, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, मलिक अंबर आहे की! इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत अहमदनगरला आलेला आणि निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेला हा पुरुष. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्यावर मुलांसाठी अवश्य लिहावे. पण गुलामाचा वजीर झाला तरच त्याची गोष्ट सांगण्याजोगी, असा अर्थ त्यातून निघू नये. कुणबीण कधीच वजीर झाली नाही. तिच्यावर लिहायचे तर विजयाचा शेवट मिळणार नाही, आणि आमच्या लेखकांची खरी अडचण बहुधा तिथेच आहे.

कायद्याने काय झाले ते थोडक्यात सांगते. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणे सोडले, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. समुद्रापलीकडची गुलामगिरी आणि घरातली गुलामगिरी एकत्र पाहण्याची दृष्टी दीडशे वर्षांपूर्वी मराठीत होती. ती बालसाहित्यात उतरली नाही, एवढेच. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडावे लागले. त्यानंतरही १९८० च्या दशकात वसईकडे श्रमजीवी संघटनेला एकेक वेठबिगार सोडवून आणावा लागला. आमच्या बाजूच्या कातकऱ्यांना कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर उचल घेऊन जाणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

२०२५ साली लोहगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. आम्हा मावळवासीयांना त्याचा आनंद झाला. आता पर्यटक वाढतील, चिक्कीची दुकाने वाढतील, गडावर माहितीच्या पाट्याही लागतील. नाना फडणविसांनी बांधलेल्या बावीविषयी पाटीवर लिहिले जाईलच. त्या बावीतून पाणी कोणी ओढले याविषयी एक ओळ लिहायला काही फार जागा लागणार नाही.

साधनेच नाहीत, ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कुणबिणीचे नाव, वय आणि किंमत अशा नोंदी असलेले कागद त्यांत आहेत. लोणावळ्याहून सकाळची लोकल धरली तर दीड तासात पुणे स्टेशन, आणि तिथून दफ्तराची इमारत पायी जाण्याच्या अंतरावर. आपल्या महाविद्यालयात मोडी शिकलेली चार-पाच मुले-मुली तरी आहेत. त्यांतल्या कोणाला यायचे असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाणारच आहे.